शेवटच्या डब्याचा दाब

घाटमाथ्यावरच्या एका रेल्वे यार्डात एक वृद्ध तपासनीस होता. घाट उतरणाऱ्या प्रत्येक मालगाडीच्या ब्रेकमधला हवेचा दाब मोजायचा आणि तो पुरेसा असेल तरच गाडी सोडायची, हे त्याचे काम. त्याच्या हाताखाली एक तरुण शिष्य शिकत होता. बुद्धीने तल्लख, फक्त चालत जाऊन पाहण्याचा त्याला कंटाळा, आणि हा रोग आपल्यातही काही कमी नाही.

एके सकाळी वृद्धाने विचारले, "बहिणीचं कसं चाललंय सासरी?"

"मजेत आहे, तात्या. दर रविवारी दाजींना फोन करतो. सगळं झकास म्हणतात."

"ती काय म्हणते?"

"ती कामात असते. लग्न झाल्यापासून फोनवर काही आली नाही."

वृद्ध उठून घाट उतरायला उभ्या असलेल्या गाडीपाशी एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "दाब बघून ये."

शिष्य इंजिनात चढला, काटा पाहून परतला. "पाच किलो. पुरेपूर."

"पुन्हा बघ."

पुन्हा पाचच. तेव्हा वृद्ध त्याला गाडीच्या कडेने पार शेवटच्या डब्यापर्यंत घेऊन गेला आणि तिथल्या नळीला त्याने दाबमापक लावला. काटा शून्यावरून हलला नाही. शिष्य चक्रावला.

"मधल्या एका डब्याच्या हवेच्या नळीची तोटी मीच बंद केली मघाशी, हवा भरायच्या आधी," वृद्ध म्हणाला. "तोटीच्या अलीकडं हवा, पलीकडं काही नाही. इंजिनातल्या काट्याला त्याचा पत्ताही नसतो. तो आपल्यापुरतं सांगतो. उतारावर ड्रायव्हर ब्रेक लावील, पुढचे डबे थांबू बघतील आणि मागचे त्यांना ढकलत दरीत नेतील. म्हणून दाब मागं जाऊन मोजायचा, बाबा. बहिणीचा तू कुठं मोजलास?"

शिष्याने तोटी उघडली, शेवटच्या डब्याशी दाब पुन्हा मोजला. गाडी सुटली, तसा तो रजा घेऊन बहिणीच्या सासरी निघाला.

मला विचाराल तर या गोष्टीतल्या दाजींचा मला येतो त्याहून अधिक राग या भावाचा येतो. असे दाजी क्वचित भेटतात, असे भाऊ घरोघर आहेत.

दाजींनी ओसरीवरच हसत स्वागत केले. तो न थांबता मागच्या स्वयंपाकघरात गेला. बहीण चुलीपुढे बसली होती. अंगावर मांस म्हणून उरले नव्हते, मनगटावर डागल्याचे व्रण होते. त्याला पाहून ती उठली नाही, रडलीही नाही.

"चल घरी," तो कसाबसा म्हणाला.

"पहिलं वर्षभर रोज वाट बघायचे रे दादा," ती म्हणाली. "आता ने कुठं न्यायचं तिकडं."

तो तिला घेऊन आला. आता ती दिवसभर त्याच्या डोळ्यांसमोर असते, आणि कशी आहेस हे विचारायचा त्याला धीर होत नाही.