आडवी कुंडी

“मग दिवसाला किती पाणी घालायचं, तेवढंच सांगा.”

नाडगौडा सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. आधी दोन वेळा धुळाबुवांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. ते देवळाच्या ओट्यावर बसून घोंगडीचा सुटलेला धागा दाताने तोडत होते.

बिरोबाचं हे देऊळ पठाराच्या टोकाला. चार दगडी खांब, मागे भिंत, वर पत्रे, पुढे ओटा. वैशाख लागलेला, गवत जळून पिवळं पडलेलं, आणि नजर पोचेल तिथवर सावलीला एक झाड नाही. सर सकाळच्या एसटीने पायथ्याला उतरले आणि अडीच तास चढून वर आले. छातीशी कापडी पिशवी धरलेली. पिशवीत मातीची कुंडी.

कुंडीतली माती ओली होती, काळी होती. मातीवर मात्र काहीच नव्हतं.

कुंडी कुमुदची, म्हणजे सरांच्या बायकोची. तिचं माहेर पायथ्याच्या गावात. दर श्रावणात ती या पठारावर यायची, धुळाबुवांपाशी दुपारभर थांबायची आणि परत जायची. बुवांना ती गुरू मानायची. सर कधी वर आले नव्हते. लिहितावाचता न येणाऱ्या मेंढपाळाकडून तू शिकतेस तरी काय, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, “बसायला.” सर त्यावर बरेच दिवस हसत होते.

दोन वर्षांपूर्वी बुवांनी तिला पानात गुंडाळून एक कंद दिला. पंदाचा. पंद म्हणजे गाजराच्या कुळातली रानवनस्पती. पावसाळ्यात पठारावर गुडघ्याएवढी वाढते आणि पांढऱ्या बारीक फुलांची छत्री डोक्यावर धरून उभी राहते. सरांना तिचं शास्त्रीय नाव, पाकळ्यांची मांडणी, फळावरच्या रेघा, सगळं तोंडपाठ. सत्तावीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेलं.

गेल्या भाद्रपदात कुंडीतला पंद फुलला. कुमुद तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. खिडकीतून फुलाकडे बघत ती म्हणाली, “याला पाणी घालत जा हं.” सर बरं म्हणाले.

आश्विनात ती गेली. तेराव्यानंतर पानं पिवळी पडू लागली. दिवाळीत देठ गळून पडला.

सरांनी पाणी थांबवलं नाही. रोज सकाळी एक तांब्या. सात महिने.

आता त्यांना दुसरा कंद हवा होता. आधीचा मेलाय, आपलं प्रमाण चुकलं असणार, या खेपेला नीट आकडा सांगा म्हणजे चूक होणार नाही, असं त्यांनी बुवांना आल्याआल्या समजावून सांगितलं होतं. वर्गात सांगावं तसं, मुद्देसूद.

बुवांनी धागा तोडला. घोंगडी बाजूला ठेवली.

“मेला म्हणता. बगितला का उकरून?”

“नाही.”

“का बरं?”

सरांनी कुंडीच्या काठावरची माती अंगठ्याने पुसली.

बुवांनी पुढे विचारलं नाही. त्यांनी हात लांब करून पठार दाखवलं. “तुमी झाडांचे मास्तर. ह्यात पंद कुठं हाय, दावा.”

“आत्ता कसा दिसेल? उन्हाळा आहे.”

“म्हंजे न्हाईच?”

“आहे. जमिनीखाली आहे. वरचा भाग वाळून जातो, कंद झोपी जातो. पाऊस पडला की…”

सर थांबले. आपण हे कुठे उभं राहून बोलतोय, ते त्यांना कळलं. पायाखाली, ओट्यापासून थेट कड्यापर्यंत, असे शेकडो कंद निजलेले असणार. कोणी त्यांना पाणी घातलेलं नव्हतं.

“तुमाला ठावं व्हतं म्हणा की,” बुवा म्हणाले.

“माहीत होतं,” सर हळू आवाजात म्हणाले. “दर वर्षी परीक्षेला यावर प्रश्न घालायचो मी.”

“आन् तरी?”

“तरी.”

वारा सुटला. पत्रा एकदा वाजला आणि गप्प झाला.

बुवा मिशीत हसल्यासारखे झाले. कुमुदताईंनी आपल्याला सांगितलेली एक गोष्ट त्यांना आठवली. आमचे हे झाडं आणतात, कागदात दाबतात, वाळवतात आणि चिकटवून कपाटात ठेवतात, असं ताई सांगायच्या. खरं का ते, असं त्यांनी विचारलं.

“खरं आहे. बाराशेच्या वर नमुने आहेत आमच्याकडे.”

“बाराशे झाडं तुमी सोताच्या हातानं वाळवली, मास्तर. आन् एक आपसूक वाळलं, तर भ्यालात?”

हे बोलणं टोचायला हवं होतं. सर टोचून घेण्याच्या तयारीतच होते. पण टोचलं नाही. कुणीतरी पाठीवरचं ओझं एका बाजूने उचलून धरावं, तसं काहीसं झालं. सात महिन्यांत भ्यालात का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. लोक जेवलात का विचारायचे, झोप लागते का विचारायचे.

ते ओट्याच्या कडेवर टेकले.

“मी पाणी थांबवलं असतं,” ते म्हणाले, “तर तिचं उरलेलं मीच संपवलं असं झालं असतं.”

बुवांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते समजलं नाही.

मग त्यांनी कुंडी पुढ्यात ओढली आणि बोटं मातीत घातली. सरांनी मान फिरवली. दूर कड्यावर एक घार एकाच जागी तरंगत होती. ते तिच्याकडे बघत राहिले. मागून चिखल उपसल्याचा आवाज येत होता. कुजका वास आला.

“कुजलंय,” बुवा म्हणाले.

“…हं.”

“हिकडं बगा.”

“राहू द्या बुवा. मला ते माहीतच होतं.”

“तुमाला लई म्हाईत असतं,” बुवा म्हणाले. “बगा म्हनतो ना.”

सरांनी पाहिलं. बुवांच्या तळव्यावर एक वेडावाकडा कंद होता. अर्धा काळा, मऊ, बोट लावताच खचणारा. बुवांनी कमरेचा चाकू काढला आणि आंबा सोलावा इतक्या सवयीने तो काळा भाग उतरवला. एकेक चकती ओट्याखाली पडत गेली. तिसऱ्या चकतीनंतर चाकू अडला. आत पांढरं होतं.

“नख लावा.”

सरांनी अंगठ्याचं नख लावलं. आत कडक होतं. नखाच्या खुणेतून एक थेंब वर आला आणि त्याचबरोबर वास आला, ओवा आणि कोथिंबीर यांच्या मधला कुठलातरी. या वासाचं वर्णन त्यांनी सत्तावीस वर्षं फळ्यावर एका शब्दात लिहिलं होतं. आज तो नाकात शिरला तेव्हा त्यांना स्वयंपाकघराची खिडकी दिसली, आणि खिडकीशी पाठमोरी उभी कुमुद.

त्यांनी कंद नाकाशी तसाच धरून ठेवला. बराच वेळ. बुवांनी घाई केली नाही.

“म्हणजे पाण्याने जगला तो,” शेवटी सर म्हणाले.

“पान्यानं न्हाई. पान्यातनं वाचला.”

सरांना हसू आलं. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, कारण हसताना डोळेही भरले होते आणि ते लपवावेत असं वाटलं नाही.

बुवांनी चुलीतली राख आणून कंदाच्या कापलेल्या अंगाला फासली. कुंडीतला चिखल ओतून टाकला. देवळामागची कोरडी तांबडी माती भरली, कंद आत बसवला आणि वर पुन्हा माती ओढली. मग त्यांनी कुंडी उचलली, देवळाच्या आतल्या कोपऱ्यात नेली आणि जमिनीवर आडवी ठेवली. तोंड भिंतीकडे.

कुंडी अशी आडवी कोणी ठेवत नाही, निदान सरांनी तरी कधी पाहिली नव्हती. फेकून दिलेलं भांडं पडावं तशी ती पडली होती. त्यांचा हात नकळत पुढे गेला, उभी करायला.

“ऱ्हाऊ द्या. चुकून कुनी पानी वतलं, तरी आत जानार न्हाई.”

“किती दिवस?”

“मिरग लागून आठ दिस झालं की या. तवा उभी करू. दोघं मिळून.”

“आणि तोवर?”

“तोवर ती हितंच.”

“तसं नव्हे.” सर अडखळले. “तोवर मी सकाळी काय करू?”

हा प्रश्न त्यांनी घरून आणला नव्हता. तोंडातून निघाला तेव्हाच तो त्यांना ठाऊक झाला…

बुवांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. सुकलेले ओठ, घामाने पांढरी रेघ उमटलेला सदरा, पिशवीतून डोकावणारी प्लास्टिकची रिकामी बाटली. वर येताना बाटलीतलं पाणी प्यालात का, असं त्यांनी विचारलं. सरांनी मान खाली घातली. चढाच्या मध्यावर माती कोरडी वाटली म्हणून त्यांनी अख्खी बाटली कुंडीत रिकामी केली होती.

बुवा उठले. माठातून तांब्या भरून आणला आणि सरांच्या हातात दिला.

तांब्या गार होता, काठोकाठ भरलेला. सरांनी तो दोन्ही हातांनी धरला. सात महिन्यांची सवय. तांब्या हातात आला तसे ते वळले, देवळाच्या कोपऱ्याकडे दोन पावलं गेले आणि आडव्या कुंडीपाशी वाकले.

बुवांनी मागून त्यांचं मनगट धरलं.

“तिला न्हाई, मास्तर. तहान तुमाला लागलीया.”