खरा दयाळ कुठे आहे?

जहागीरदार रायाजीरावांना संशयाचं जुनं दुखणं होतं. आपल्या आत्याबाईंच्या बागेत पहाटे गाणारा दयाळ पक्षी त्यांनी धरून आणवला, पण पिंजऱ्यात तो गाईना. गजांवर धडका देऊन त्याची चोच रक्ताळली, पिसं झडली. रायाजीरावांनी आधी स्वयंपाक्याला दरडावलं, मग पहारेकऱ्याला, आणि शेवटी आत्याबाईंनाच बोलावून घेतलं.

"तुम्हीच पक्षी बदललात! खरा दयाळ कुठे आहे, सांगा. नाहीतर बागेला कुलूप लावतो."

आत्याबाईंनी पिंजऱ्यात डोकावून पाहिलं, मग रायाजीरावांकडे पाहिलं.

"खरा दयाळ आतच आहे रे, रायाजी. बाहेर मात्र एकही दिसत नाही."

पहारेकऱ्याला खोकल्याची उबळ आली. रायाजीरावांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं आणि पिंजऱ्याचं दार उघडलं.