इलेआपाच्या ढोलाची पहिली हाळी

या, असे सावलीत या. रस्ता या झाडाला वळसा घालून का जातो, हे प्रत्येक पाहुणा विचारतो. रस्ता बांधणाऱ्या साहेबांनीही विचारलं होतं, आणि झाड पाडायला माणसंही आणली होती. बाजारातल्या बायकांनी त्यांना काय सुनावलं ते मी सांगत नाही, पण साहेबांनी मुकाट्याने नकाशा बदलला. हे झाड आपा जातीचं. आमचं गाव इलेआपा, ते यावरूनच. वर बघा, रस्त्याच्या अंगाची एक जाड फांदी नाही, नुसती गाठ उरलीय. त्या फांदीचा ढोल ओयादेवीच्या देवळात आहे. मी आयांतुंडे, तो ढोल वाजवणाऱ्या घराण्यातला. तेव्हा मधूनमधून बढाई मारली तर चालवून घ्या.

ओया ही आम्हा योरुबा लोकांची वाऱ्यावादळाची देवी, आणि बाजारही तिचाच. आमच्याकडे ढोल नुसता वाजत नाही, बोलतो. आमच्या भाषेत शब्दांना चढउतार असतो. ढोलवाला तोच चढउतार कातड्यावर काढतो आणि ऐकणाऱ्याला वाक्य कळतं. उत्सवात ढोल देवीची स्तुती बोलतो, मग देवी पुजारिणीच्या अंगात येते, नाचते आणि गावाला आशीर्वाद देते. ढोल बोलला नाही तर देवी देवळाची पायरीसुद्धा चढत नाही.

फार पूर्वी, म्हणे, देवळातला जुना ढोल उत्सवाच्या तोंडावर फुटला. तेव्हा ढोलाचा मान आमच्या पूर्वजाकडे, आयांदेलेकडे होता. हात सोन्याचा, पण स्वभाव ताठ. तो म्हणाला, देवीचा ढोल असल्यातसल्या लाकडाचा नको. तो घनदाट रानात गेला आणि जिथे माणसाचं पाऊलही पडलेलं नाही, अशा जागचं सरळसोट झाड तोडून आणलं. असं निर्मळ लाकूड कुणी पाहिलं नव्हतं. ढोल असा देखणा झाला की राजा स्वतः बघायला आला.

उत्सवाचा दिवस उजाडला. आयांदेलेने टिपरी उचलली आणि स्तुती सुरू केली. ढोलातून काय निघावं? धनेश पक्ष्याची कर्कश ओरड! पुन्हा वाजवला, तर माकडांची चिरचिर. पोरं खिदळायला लागली. पुजारीण ओयाबुन्मी डोळे मिटून देवीची वाट बघत बसली होती. असं सांगतात की, ती शेवटी बसल्याबसल्या घोरायला लागली.

राजा मात्र हसला नाही. त्याने पुढच्या अमावास्येपर्यंत मुदत दिली. तोवर ढोल बोलला नाही, तर देवळाचा ढोल शेजारच्या गावच्या वादकांकडे जाणार आणि आयांदेलेच्या घरात यापुढे कुणी टिपरी धरायची नाही. आमच्यात ढोलवाल्याचं मूल ढोलाच्या दैवताचं नाव, 'आयां', घेऊनच जन्माला येतं. तो मान गेला की घराणंच गेलं. 

आयांदेले खाली मान घालून बाजारातून चालला होता. या झाडाखाली अबेके नावाची बाई अकारा तळायची. अकारा म्हणजे चवळीचे वडे. तिचं आणि आयांदेलेचं जन्माचं वाकडं. त्याच्या सरावाने गिऱ्हाईक पळतं, असं ती म्हणायची, आणि तिच्या ओरडण्याने ताल चुकतो, असं तो. अशी संधी ती सोडते होय?

"काय हो ढोलवाले, माकडं आली का दर्शनाला?" ती म्हणाली. "रानातल्या झाडाने माणूस कधी ऐकलाय, म्हणून ते माणसासारखं बोलेल? माझ्या या झाडाचा ढोल करा. जन्मभर माझी बडबड ऐकतंय बिचारं!"

ती थट्टा करत होती. आयांदेले मात्र जागीच थबकला. त्याने झाडाच्या खोडाला कान लावला, बोटांनी टकटक केलं, आणि मग तो गर्विष्ठ माणूस भर बाजारात तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "आई, हे झाड मला दे."

अबेकेने जीभ चावली. आपल्याच तोंडाने आपली सावली घालवली की! पण गुडघ्यांवर बसलेल्या माणसाला नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. "फांदी घे," ती म्हणाली. "खोडाला हात लावशील तर याद राख." ती फांदी तिच्याच चुलीच्या धुरावर वाळली, असं सांगतात.

अमावास्येला सगळं गाव देवळात लोटलं. आयांदेलेने मनोमन देवीचं नाव घेतलं आणि टिपरी मारली. ढोल बोलला! अगदी स्पष्ट, खणखणीत बोलला.

"गरमागरम अकारा! या, खाऊन जा!"

 आयांदेलेने घाम पुसला आणि पुन्हा स्तुतीचे बोल वाजवले. ढोल पुन्हा तेच म्हणाला. मागे उभ्या अबेकेने हातांनी तोंड झाकलं. लोक हसून हसून लोळायला लागले. संपलं आपलं घराणं, असं आयांदेलेला वाटलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात वारा सुटला. ओयाबुन्मी ताडकन उठली. देवी अंगात आली होती, आणि कधी नव्हे ती खदखदा हसत होती. नाचत नाचत ती देवळाबाहेर पडली ती थेट या झाडाखाली, अबेकेच्या कढईपाशी. मागोमाग राजा आणि सारं गाव. देवीने हात पुढे केला.

"स्तुती करून मला सगळे बोलावतात," ती म्हणाली, "आणि आल्यावर मागणं मागतात. जेवायला आज पहिल्यांदा बोलावलंत. वाढा!"

त्या दिवशी देवी पोटभर जेवली आणि ढोल आमच्याच घरात राहिला.

आजही उत्सवात स्तुतीच्या आधी ढोल अबेकेची हाळी देतो, आणि देवीने पहिला वडा खाल्ल्याशिवाय कुणी तिच्याकडे काही मागत नाही. आजही आम्ही रानातलं झाड तोडत नाही. ढोलाला लाकूड घेतो ते रस्त्याकडेचं, माणसांचं ऐकून ऐकून मोठं झालेलं. या झाडाखाली नवराबायको भांडायला लागले, तर म्हातारी माणसं त्यांना पलीकडे पिटाळतात.

तुम्ही आल्यापासून आपसात तुमच्या त्या मराठीत बोलताय ना, बोला, खुशाल बोला, झाड ऐकतंय. फक्त जाण्याआधी एकदा मोठ्याने म्हणा, तुमच्याकडे पाहुण्याला जेवायला कसं बोलावतात ते.