शेजारचं ताट

“मग आता राहिलं काय, फादर?”

माचाडो सरांनी हे विचारलं तेव्हा दुपारची जेवणं नुकतीच उरकली होती. भोजनशाळेत तिघंच उरलो होतो. सर, आमचे म्हातारे फादर लाझरस, आणि खरकटी ताटं गोळा करणारा मी, ब्रदर कैतान, या मठाचा स्वयंपाकी.

सर वसईचे. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. आमच्या मठाशी अशी काही संसारी माणसं जोडलेली असतात. त्यांनी घर सोडायचं नसतं, घरातच राहून आमच्यासारखं जगायचं असतं. ठरल्या वेळी प्रार्थना, बायबलचं सावकाश वाचन, मौन. तीन वर्षं तयारी, मग वेदीपुढे आयुष्यभराचं वचन. ही तयारी फादर लाझरस करून घेतात. सरांची तीन वर्षं भरली होती आणि वचन उद्या सकाळच्या मिस्सेत, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत होतं. त्यासाठी ते तीन दिवस आधीच येऊन राहिले होते.

आणि आज फादर म्हणाले होते, अजून थांबू या.

“पहाटे चारला उठतो,” सर म्हणाले. “एक स्तोत्र चुकवलेलं नाही. तापातसुद्धा. तुम्ही जे जे सांगितलंत ते सगळं केलं. मग राहिलं काय?”

“पाणी,” फादर म्हणाले.

सरांना कळेना. मला मात्र बरोबर कळलं, कारण जेवणभर माझा जीव टांगणीला लागला होता. आमच्याकडे जेवताना कुणी बोलत नाही, आणि स्वतःसाठी काही मागायचंही नसतं. मीठ हवं असो की पाणी, गप्प बसायचं. शेजाऱ्यानं बघायचं आणि पुढे करायचं. आज फादरांचा पेला रिकामा होता आणि तांब्या सरांच्या कोपराशी. फादरांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं... आणि हे गृहस्थ मान खाली घालून आपले भात कालवतायत. कालही तेच, परवाही तेच. मी उठायला गेलो तर फादरांनी नजरेनंच मला खाली बसवलं.

फादरांनी हे सगळं सांगितलं तेव्हा सर ओशाळले.

“माझी नजर ताटावर होती. नजर आवरायची, असं तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं खरं. घरीही असंच जेवायचात?”

“घरी तर जास्तच काटेकोर. जेवताना एक शब्द बोललेलो नाही.”

हे सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली. खोटं कशाला सांगू, ते मला डाचलं.

“नातालीनबाई समोर बसायच्या?”

“समोरच.”

नातालीनबाई म्हणजे सरांच्या पत्नी. ईस्टरआधीच्या उपवासकाळात वारल्या, त्याला आता पाच महिने होत आले होते. मठात फक्त त्या गेल्याचं कळलं होतं, बाकी काही नाही.

“कशानं गेल्या?” फादरांनी विचारलं.

“अन्ननलिकेचा कॅन्सर. कळला तेव्हा फार पुढे गेला होता. डॉक्टर म्हणाले, निदान चार महिने तरी त्यांना घास गिळवत नसणार.”

“चार महिने.”

“हो.”

“आणि त्या रोज तुमच्यासमोर जेवायला बसत होत्या.”

हातातली ताटं वाजू नयेत म्हणून मी ती हळूच बाकावर ठेवली.

“काय असायचं ताटात?”

“वालाची भाजी, मासळी, ती करायची ते सगळं...”

“तुमच्या नाही. त्यांच्या.”

सर समोरच्या रिकाम्या जागेकडे बघू लागले.

“सर?”

“पाणी ओतल्याचा आवाज यायचा. भाकर कुस्करून घेत असेल. मला वाटलं, दाढ दुखत असेल.”

“विचारलं नाहीत?”

“मौन होतं, फादर.”

“जेवण झाल्यावर?”

“जेवणानंतर वाचन असायचं.” मग सर खालच्या आवाजात म्हणाले, “एकदा म्हणाली होती. ‘तुमचं वाचन झालं की सांगा, मला जरा बोलायचंय.’”

“मग?”

“वाचन लांबलं. मग प्रार्थनेची वेळ झाली. मग... डोक्यातून गेलं माझ्या. तिनं परत विषय काढला नाही.”

“स्वतःसाठी मागू नये, हे त्यांना कुणी शिकवलं होतं?”

“कुणीच नाही.”

बाहेर कुणीतरी विहिरीवर रहाट ओढत होतं. सर एकदम ताडकन उठले.

“शेजारच्याकडे बघायचं, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. तीन वर्षांत एकदाही नाही. मौन म्हणालात, नजर म्हणालात. माझ्याकडे सगळं लिहून घेतलेलं आहे, फादर. हे त्यात नाही.”

मला संताप आला. ज्यानं पोटच्या लेकरासारखं शिकवलं त्या म्हाताऱ्याला हे असं बोलायचं? मी तोंड उघडणार होतो, पण फादरांकडे पाहिलं आणि गप्प बसलो. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“नाही सांगितलं,” ते म्हणाले. “मी अठरा वर्षांचा असताना मठात आलो. संसार काही पाहिला नाही. वाटलं, घरात माणसं एकमेकांकडे बघतच असतील. ते काय शिकवायचं...”

बाकाला धरून ते उठले आणि शहाबादी फरशीवर त्यांनी गुडघे टेकले. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, वेदीपुढेसुद्धा ते आता खुर्चीत बसतात. आमच्याकडे ज्याच्या हातून चूक घडते तो जागच्या जागी गुडघे टेकतो. ज्याचं नुकसान झालं तो ‘उठा’ म्हणेपर्यंत तसाच राहतो.

सर गडबडले. रीत त्यांनाही माहीत होती.

“उठा, फादर. मी म्हणतो ना, उठा.”

“तुम्ही ‘उठा’ म्हणून चालायचं नाही, सर.”

सर उभेच राहिले. त्याचा अर्थ त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आला तेव्हा त्यांनी भिंतीचा आधार घेतला. माझा राग कुठल्या कुठे गेला. हा माणूस दुष्ट नव्हता हो. सांगितलं ते करत गेला, एवढंच.

मग तेही खाली बसले, फादरांच्या समोर, गुडघ्यांवर.

दोघं तसेच राहिले. ताटं वाळून गेली. मला त्यांना उठवावंसं वाटत होतं, पण माझा तो अधिकार नव्हता.

शेवटी सरांनी विचारलं, “उद्याचं वचन... राहू द्यायचं?”

“राहू द्या,” फादर म्हणाले. “देवाला घाई नसते, सर. घाई नातालीनबाईंना होती.”