हिरव्या खुणेची धास्ती

एका तालुक्याच्या गावात केतकी नावाची एक प्रोग्रॅमर राहत होती. हुशार होती, कामाला वाघ होती, पण लोकांची नाराजी तिला अजिबात सोसत नसे. तिथले औषधांचे घाऊक व्यापारी जयकुमारशेठ यांनी तिला एक काम दिले. आसपासची सगळी दुकाने शेठकडूनच माल घेत. एखादा लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, खराब निघाला की औषध कंपनी त्याची विक्री थांबवायची, पण ही बातमी दुकानांपर्यंत पोचायला फार वेळ लागायचा. म्हणून शेठना एक वेब सेवा हवी होती. दुकानदाराने बाटली विकण्याआधी तिचा लॉट नंबर टाकायचा. सेवेने तो गोदामातल्या कॉम्प्युटरला विचारायचा आणि दुकानाच्या स्क्रीनवर उत्तर द्यायचे. विकायला हरकत नसेल तर हिरवी खूण, थांबवलेला असेल तर लाल.

केतकीने सेवा मन लावून बांधली. गोदामाकडून उत्तरच आले नाही तर लालच दाखवायचे, असे तिने ठरवले होते. पण सगळ्या दुकानदारांना सेवा दाखवायच्या दिवशी गोदामाचे नेट सारखे जाऊ लागले आणि चांगल्या औषधांवरही लाल खुणा उमटू लागल्या. चारचौघांत फजिती होणार, या भीतीने तिने घाईघाईत प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली. उत्तर आले नाही तर हिरवे दाखव! मग काय, पडदाभर हिरवेगार. दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या, शेठनी पेढे वाटले. ही ओळ उद्या काढून टाकू, असे केतकीने मनाशी म्हटले. तो उद्या काही उगवला नाही.

ओळ काढली असती तर नेट गेले की दुकानांत पुन्हा लाल खुणा दिसल्या असत्या आणि इतके दिवस कसे चालले, असे शेठनी विचारले असते. म्हणून ती गप्प राहिली.

एका सकाळी शेठचा फोन आला. "मुलांच्या खोकल्याच्या औषधाचा एक लॉट विषारी निघालाय. गोदामात कालच नोंद केलीय. दुकानांत लाल दिसतंय ना?"

केतकीने स्क्रीन उघडली. गोदामाचे नेट पहाटेपासून बंद होते आणि दुकाने मात्र सगळी हिरवी. शेठना उत्तर न देताच तिने फोन ठेवला आणि ती ओळ पुसली. सगळीकडे लाल झाले. पण विकल्या गेलेल्या बाटल्यांचे काय?

तेवढ्यात स्टँडजवळचे दुकानदार धोंडीराम यांचा फोन आला. "ताई, मघाशी हिरवं होतं, आता लाल दिसतंय. ते खोकल्याचं औषध एका बाईला दिलं की मी. मघाचं खरं धरू का आताचं?"

नेटची गडबड आहे, काळजी करू नका, एवढे म्हटले की ती सुटणार होती. शब्द ओठांवर आलेच होते, पण तिने ते गिळले. उत्तर ठाऊक नसताना गोड बोलून वेळ मारून न्यायची, सेवेलाही तिने हेच शिकवले होते.

"मघाचं खोटं होतं, काका. चूक माझी आहे. ती बाई कुठं गेली?"

"पोराला घेऊन स्टँडवर. गाडी लागायच्या आत या!"

केतकीने शेठना फोन करून सारे खरे सांगितले. शेठ म्हणाले, "बाकीच्या दुकानांचं मी बघतो. तू ती बाटली आण. नाही मिळाली तर मला तोंड दाखवू नकोस."

ती स्टँडवर धावत सुटली. जे मूल रडताना दिसेल ते तेच असेल, असे वाटून ती प्रत्येकापाशी थांबून बघत होती. धोंडीराम तिच्याआधी पोचले होते. त्यांनी कोपऱ्यातल्या बाकाकडे बोट दाखवले. बाईने चमचा भरला होता. पोर तोंड घट्ट मिटून मान हलवत होते. केतकीने चमचा झटकून पाडला आणि बाटली हिसकावली.

"पोटात गेलं का हो थोडं?"

"नाही, तोंडच उघडंना," बाई भांबावून म्हणाली. औषध विषारी आहे, हे धोंडीरामांनी सांगितले तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. "पण दुकानात हिरवं आलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

केतकीला मान वर करवेना. "मशीनला माहीतच नव्हतं, ताई. माहीत नसलं तरी हो म्हणायला मी त्याला शिकवलं होतं."

बाईने पोराला पोटाशी ओढले आणि ती केतकीपासून दूर, बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

तात्पर्य: ठाऊक नसेल तेव्हा 'ठाऊक नाही' म्हणावे, फजितीला घाबरून दिलेला होकार दुसऱ्याच्या जिवावर बेततो.