रेवाची करवंटी

“बुवा, आडपडदा न ठेवता सांगा. हिच्या हातात काही खोट आहे का?”

चिंधीबुवा काचेच्या तुकड्याने नारळाची करवंटी तासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “कुणाच्या?”

“हिच्या. माझ्या लेकीच्या. रेवाच्या.”

विचारणारे होते श्रीरंगराव मोहिते. तालुक्यातल्या अंगणवाडीच्या बायांना ‘खेळातून बाळाची वाढ’ हा विषय शिकवणारे साहेब. एका दमात तीन तास शिकवतात. बाया येतानाच कापूस घेऊन येतात. श्रावणातल्या लाख वाती साहेबांच्या वर्गातच वळून होतात.

बुवांचंही सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल एकाचीच खोडी काढली. त्यांच्या कफनीत मूळ कापड किती आणि ठिगळं किती, हे त्यांनाच ठाऊक नाही. टेकडीवरच्या मठात नारळ फुटतात, त्यांच्या करवंट्या बुवा फेकत नाहीत. तासतात, तेल चोळतात, गालासारख्या गुळगुळीत करतात. मठात पहिल्यांदा आलेल्या तान्ह्याच्या हातात एकेक ठेवतात. मोठी माणसंही हात पुढे करतात. त्यांना मिळत नाही.

रेवा नऊ महिन्यांची. आईच्या, कुमुदच्या मांडीवर, मठाच्या कट्ट्यावर बसलेली.

“डॉक्टर काय म्हणतात?” बुवांनी विचारलं.

“दोनदा दाखवली. दोन्ही वेळा म्हणाले, हात उत्तम आहेत.”

“मग?”

“डॉक्टर दहा मिनिटं बघतात, बुवा. मी रोज बघतो.”

श्रीरंगरावांनी वही काढली. रेघा मारलेली, तारखा घातलेली.

“खुळखुळा दिला, पडला. ठोकळा दिला, पडला. चमचा, वाटी, कापडी चेंडू... सगळं पडतं. एक पडलं की नोंद करतो आणि दुसरं देतो. एकवीस दिवस झाले. पकड नाहीच.”

“अहो, ती खेळतेय. मी कधीची सांगतेय,” कुमुद म्हणाली.

“तुला त्यातलं कळत नाही.”

“खरंय. मी आपली फक्त नऊ महिने पोटात सांभाळली.”

बुवा हसले. तोंडातले दोन्ही दात दिसले. दोनच आहेत.

मग एकदम विचारलं, “हसते का?”

श्रीरंगरावांनी वही चाळली. चाळून मिटली.

“पूर्वी हसायची... माझ्याकडे बघून.”

तीन तास बोलणाऱ्या माणसाला एवढं एक वाक्य जड गेलं.

“उद्या पुण्याला नेतोय,” ते म्हणाले. “मोठ्या तपासण्या आहेत. हातात सुया घालून बघतात म्हणे. हिचे हात एवढे एवढेसे... म्हणून म्हटलं, त्याआधी तुम्हाला एकदा विचारावं.”

कुमुदने रेवाची मूठ आपल्या मुठीत झाकली.

बुवांनी हातातली करवंटी अंगठ्याने चाचपली. कुठे टोचत नव्हती. रेवाला दिली.

रेवाने घेतली. चाटली. डोळ्यांपुढे धरली. कट्ट्याच्या कडेवर हात नेला आणि सोडून दिली.

टक्.

“बघितलंत?” श्रीरंगराव म्हणाले. आपलं खरं ठरलं याचा आनंद होण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

बुवा गुडघ्यांवर हात टेकून उठले. वाकले. करवंटी आणून रेवाला दिली.

टक्.

बुवा वाकले. दिली.

टक्.

बुवांच्या जागी मी असतो तर चौथ्यांदा ती करवंटी चुलीत घातली असती. बुवा वाकत राहिले. दरवेळी “आई गं” म्हणायचे. दरवेळी रेवा ते ऐकायची.

“राहू द्या बुवा, तुमचे गुडघे...”

“गुडघ्यांचं सोड. ती बघतेय कुठे?”

“कोण?”

“तुझी लेक. करवंटी पडते तेव्हा.”

श्रीरंगराव वाकून बघू लागले. रेवाने हात कडेला नेला. बोटं एकेक करून उघडली, डब्याचं झाकण उघडावं तशी सावकाश. करवंटी पडली.

रेवा खाली बघतच नव्हती.

“तुमच्या तोंडाकडे बघतेय,” श्रीरंगराव म्हणाले.

“वहीत आहे हे?”

श्रीरंगरावांचा हात वहीकडे गेला.

“कसं असेल?” कुमुद म्हणाली. “ती टाकते तेव्हा तुमचं तोंड वहीत असतं.”

...

बुवा मटकन कट्ट्यावर बसले. “माझे गुडघे संपले. आता तू.”

श्रीरंगराव इस्त्रीच्या पँटीसकट खाली फरशीवर बसले. करवंटी उचलली. “हं, रेवा. अंगठा असा आत घ्यायचा, आणि बाकीची बोटं...”

“तोंड मिट,” बुवा म्हणाले.

तोंड मिटलं. साहेब असे कधी गप्प बसले नव्हते. अंगणवाडीच्या बायांनी बघायला हवं होतं.

टक्. उचलली. दिली.

टक्. उचलली. दिली.

विसाव्या खेपेनंतर मोजणं सुटलं. पँटीची इस्त्री गेली. भांग मोडला. एकदा करवंटी गडगडत कट्ट्याखालच्या कोनाड्यात शिरली. श्रीरंगराव पालथे पडून आत घुसले. बाहेर नुसते पाय राहिले.

रेवा आईच्या मांडीवरून लवून लवून त्या पायांकडे बघू लागली. बापाचं बाकीचं गेलं कुठे?

श्रीरंगराव बाहेर आले. एका हातात करवंटी, डोक्यावर कोळिष्टक, नाकाला राख.

रेवा हसली.

नुसतं तोंड नाही. पोट हसलं, पाय हसले, टाळूवरचं जावळ हसलं.

श्रीरंगराव तसेच गुडघ्यांवर राहिले. कोळिष्टक काढायलाही हात उचलला नाही. हसू थांबेल म्हणून.

मग त्यांनी करवंटी दिली. रेवाने घेतली, पण या खेपेला कडेवर नेली नाही. बापाच्या पुढ्यात धरली.

त्यांनी घ्यायला बोटं लावली... रेवा सोडेना. ते ओढू लागले. ती ओढू लागली. दात नसलेल्या हिरड्या घट्ट आवळून ओढू लागली.

“पकड,” श्रीरंगराव पुटपुटले. “कुमुद... अगं, पकड आहे हिला. केवढी आहे!”

कुमुदने मान फिरवली. पदराने डोळे पुसत होती की तोंडावरचं हसू, मला दिसलं नाही.

मग रेवाने आपणहून बोटं उघडली. करवंटी बापाच्या तळव्यावर ठेवली. आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

बापही बघत राहिला.

टेकडीखाली कुणीतरी शेळ्यांना हाका मारत होतं.

“बुवा,” श्रीरंगराव हळूच म्हणाले, “आता मी काय करायचं?”

बुवांनी दुसरी करवंटी आणि काचेचा तुकडा हातात घेतला होता.

“टाक की. बघू, तुझी कोण उचलतंय.”