सोमवारचं तीर्थ

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे पंप सोमवारी सकाळी आठला बंद करायचे, असा हुकूम नगराध्यक्ष गजाननराव निंबोरे यांनी सोडला. नगरपालिकेसमोरच्या रंगीत कारंज्याला वीज कमी पडत होती. आंबेवळणला पिण्याचं पाणी वरच्या धरणातून यायचं आणि वापरलेलं पाणी केंद्रात स्वच्छ होऊन खाली काळगंगा नदीत जायचं. गेलेल्या पाण्याची फिकीर कोण करतो?

करायची ती केंद्र चालवणारी कौसल्या साबळे. टाकीतली घाण खाणाऱ्या जिवाणूंना ती 'माझी जनावरं' म्हणायची. पंपांची हवा तुटली की ही जनावरं गुदमरून मरणार, आणि नवी पोसायला महिना जाणार. जनावरांसाठी जीव तुटला म्हणून ती थेट नगराध्यक्षांच्या दालनात जाऊन उभी राहिली.

गजाननराव हट्टाचे पक्के. पण चार माणसांत मन मोठं दाखवावं लागतं, म्हणून त्यांनी अट घातली. "तुझ्या केंद्रातलं पाणी पिणारा या गावातला एक माणूस सोमवारच्या बैठकीत आणून दाखव. मग पंप चालू राहतील."

नगरसेवक पोट धरून हसले. विनोद साहेबांचा होता, हसणं भागच होतं. कौसल्या 'बरं' म्हणाली आणि कामावर गेली.

सोमवारी दहाच्या बैठकीला ती एकटीच आली. गजाननराव कपाळभर भस्म लावून बसले होते. दर सोमवारी नागेश्वराला अभिषेक करायचा, तांब्याभर तीर्थ आणायचं आणि बैठकीआधी स्वतः घेऊन मग सगळ्यांच्या हातावर पळीपळी घालायचं, हा त्यांचा जुना नेम. नगरसेवक तीर्थ पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवत. कोण फिरवतो आणि कोण नाही, याकडे साहेबांचं बारीक लक्ष असे.

कौसल्येची पाळी आली, तसा तिने हात मागे घेतला.

"तीर्थाला नाही म्हणतेस?" गजाननरावांच्या भुवया चढल्या.

"नाही कुठं म्हणतेय, साहेब? पाणी कुठनं घेतलं, तेवढं सांगा."

"पुजाऱ्याने माझ्यासमोर घाटावर नदीतून घागर भरली. नऊ वाजता. का?"

"नागेश्वराचं देऊळ आमच्या केंद्राच्या खाली दीड किलोमीटरवर. आमचं पाणी तिथं अर्ध्या तासात पोचतंय. अन् पंप बंद करायचा तुमचा हुकूम आठचा होता."

गजाननरावांनी पळी तांब्यात परत ठेवली. आरोग्य समितीचे सभापती तोंडाला रुमाल लावून बाहेर धावले.

"पंप... बंद केलेस?" गजाननरावांनी हळूच विचारलं.

"माणूस दाखवायचा होता ना, म्हणून हात लावला नाही. एक मागितला होता तुम्ही, हितं चौदा भरले, तुम्हाला धरून. केंद्र व्हायच्या आधी काय पीत होता, ते मी इचारत नाही. आता बोला, करू बंद?"

गजाननरावांनी तांब्याकडे पाहिलं, मग सभापतींच्या रिकाम्या खुर्चीकडे, आणि त्यांना असं हसू फुटलं की कपाळावरचं भस्म कागदपत्रांवर सांडलं. हसू आवरल्यावर त्यांनी कारंजं बंद करून त्याची वीज केंद्राला द्यायला सांगितली. कौसल्येला भरजरी साडी जाहीर केली आणि पळी पुन्हा पुढे केली. "आता तरी घेशील?"

कौसल्येने ओंजळ धरली. "घाला की साहेब. माझ्या हातचं पाणी हाय."